आरशाची पहिली नजर

सावत्र आई आणि आरसा एका घरात असले की पुढची गोष्ट सगळ्या जगाला पाठ असते. आमच्या घरात तर आरसे ढिगाने होते आणि सावत्र आईही होती. त्यामुळे तिच्याबद्दल मत बनवायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही.

वर आम्ही राहायचो, खाली बाबांचा आरशांचा कारखाना. पुढच्या खोलीत तयार आरसे भिंतीला टेकून उभे, मधल्या खोलीत काचा धुवायचं लांबलचक टेबल, आणि त्याच्यामागे आतली खोली. आतल्या खोलीला कायम कुलूप. मी सतरा वर्षांची आहे आणि काचा धुण्यात माझा हात धरणारं या गल्लीत कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. काच भुकटीने घासायची, मग तिच्यावरून पाणी सोडायचं. पाण्याची चादर कुठेही न फाटता सरळ खाली उतरली की काच स्वच्छ. चुकून एक बोट जरी लागलं तरी तेवढ्या जागी चांदी धरत नाही.

चांदी ओतायचे ते बाबा. आतल्या खोलीत काच आडवी ठेवून तिच्या पाठीवर ते पाणी ओतायचे. पाणी आधी चहासारखं तांबूस व्हायचं आणि मग बघता बघता त्यात उजेड यायचा. हे मी फक्त ऐकून सांगते आहे, कारण मला आत जायची बंदी होती. ही बंदी बाबांची नव्हती, नव्या आईची होती.

चांदी बसली की पाठीवर रंग चढवायच्या आधी आमच्याकडे एक रीत आहे. काच उभी करायची आणि तिच्यासमोर खुर्चीत बसून कुणीतरी तिच्यात बघत राहायचं, चांदी पुरती सुकेपर्यंत. याला आम्ही पहिली नजर म्हणतो. नजर दिली नाही तर आरसा थोड्याच दिवसांत काळा पडतो. इतर कारखान्यांत हे करत नाहीत, म्हणून त्यांच्या आरशांत माणूस नुसता दिसतो. आमच्या आरशात तो तरुण दिसतो. लांबलांबून गिऱ्हाइकं येतात ती यासाठी. आरशापुढे उभी राहतात, गालावरून हात फिरवतात आणि लाजतात. बाबा मागे उभे राहून शीळ घालत असतात.

ही पहिली नजर दर वेळी नवी आई द्यायची. दार लावून घ्यायची आणि तासन् तास आत. बाहेर आली की जिना चढताना कठड्याला धरून दोनदा थांबायची. मला वाटायचं, नखरे!

नव्या आईचं वर्णन करायचं तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. म्हणायचं नवी, आणि केस पांढरेफटक, पाठ वाकलेली, बाजूचे दात गेलेले. ती या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तेव्हा ती कशी दिसायची ते मला नीट आठवत नाही. आठ वर्षांच्या पोरीला सगळीच मोठी माणसं म्हातारी वाटतात, आणि मी तर तिच्याकडे मान वर करून बघायचंच नाही असं ठरवलं होतं. तिच्या रक्तातच काही आजार आहे, असं बाबा सांगायचे. गल्लीतल्या बायका हळहळायच्या आणि बाबांना म्हणायच्या, तुम्ही म्हणून सांभाळता हो. मलाही तेच वाटायचं.

माझी खरी आई मला जन्म देतानाच गेली. मला वाढवलं ते आजीने. आजीचे पांढरे केस, त्यांना येणारा भुकटीचा वास, त्यांत तोंड खुपसून झोपणं, एवढंच तिचं माझ्याकडे आहे. आजी गेली आणि ही आली. कानामागून आली आणि तिखट झाली.

या खेपेला बाबांनी एका नाट्यगृहाच्या दालनासाठी मोठा आरसा करायला घेतला. एवढी मोठी काच आमच्याकडे कधी आली नव्हती. आणताना पुढच्या दाराची चौकट काढावी लागली. मी त्या काचेकडे बघितलं आणि माझ्या मनाने घेतलं, की याची पहिली नजर माझी. जन्मभर मी काचा धुतल्या, आणि त्यांच्यात आधी बघायचं ते या म्हातारीने, हा कुठला न्याय?

जेवताना मी विचारलं. "बाबा, मोठ्या आरशाला मी बसू?"

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच लाजायला झालं. "चिमणे," ते म्हणाले, "तू कधी विचारतेस याचीच मी वाट बघत होतो."

"ती बसणार नाही," नवी आई म्हणाली.

"मग कोण बसणार? तू?" बाबांनी अगदी मायेने विचारलं. "एवढा मोठा आरसा. झेपेल तुला?"

ती गप्प बसली. मी मनात म्हटलं, बरी जिरली.

पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. मी काच धुऊन ठेवली की दुसऱ्या सकाळी तिच्यावर हाताचा ठसा, अगदी मधोमध. पुन्हा धुतली, पुन्हा ठसा. तिसऱ्या वेळी मी जिन्याखाली दबा धरून बसले आणि तिला रंगेहाथ पकडलं. तिचा पंजा काचेवर होता आणि ती रडत होती.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. "एवढं वय झालं तरी आरशाचा सोस सुटत नाही तुमचा?"

ती म्हणाली, "ओरड. हवं तेवढं ओरड. पण बसू नकोस."

मी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हातात चहाचा कप दिला, तिला वर पोहोचवलं आणि माझ्यासोबत उभं राहून काच स्वतः धुतली. मग ती लगेच आतल्या खोलीत नेली आणि आतून दाराला किल्ली फिरवली. जाता जाता म्हणाले, "चांदी बसली की हाक मारतो. तोंड धुऊन ये. छान हसून बस."

मी तोंड धुतलं. केस विंचरले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता आणि मी पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात दारात एक बाई आली. हातात पिशवी, केस काळेभोर, चालून चालून चेहरा लाल झालेला. मला वाटलं गिऱ्हाईक आहे.

"आरसा हवाय का?"

"नाही गं बाळा. माझी मुलगी इथे दिलीय. हे आरशांचंच घर ना?" तिने आत डोकावून बघितलं. "दर वेळी जावई सांगतात, ती गावाला गेलीय, ती कामात आहे. तिचाही निरोप तोच, येऊ नको म्हणून. म्हटलं, आता न सांगताच जायचं. मेली काय माझी लेक, की विसरली मला?"

"तुम्ही चुकीच्या घरात आलात," मी म्हटलं. "इथे मी आणि..."

मागे जिना वाजला. नवी आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. शेवटच्या पायरीवर तिने वर बघितलं आणि तिथेच थिजली.

ती बाई तिच्याकडे बघून आदराने हसली. दोन पावलं पुढे झाली आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला तरी माहीत असेल. माझी छकू कुठाय हो?"

मी नव्या आईचा चेहरा बघत होते. त्यावर जे उमटलं ते मला सांगता येणार नाही, आणि सांगायची माझी इच्छाही नाही. तिचे ओठ दोनदा हलले. मग त्या वाकलेल्या, दात गेलेल्या म्हातारीच्या तोंडून एका लहान मुलीसारखा शब्द आला.

"आई."

बाईच्या हातातली पिशवी पडली. मी हसले. देवाशपथ, मी हसलेच, कारण ते इतकं वेड्यासारखं होतं. तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान दिसणाऱ्या बाईला ती आई म्हणत होती. मग त्या बाईने नव्या आईची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, कानामागचे केस बाजूला केले आणि तिथला एक जुना डाग बोटाने चाचपला. तिने हंबरडा फोडला तेव्हा माझं हसू जागच्या जागी मेलं.

"काय केलं गं तुझं? काय केलं तुझं यांनी? तिशीची तू पोर माझी!"

तिशीची. माझ्या पायाखालची फरशी आहे की नाही हे मी खरोखर खाली बघून तपासलं. मी हिला म्हातारी म्हणत होते. मनात नाही, तोंडावर.

नवी आई तिच्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. मग तिने मान वळवली आणि मला म्हणाली, "इकडे ये. आता तरी ऐकशील?"

मी गेले.

"आरशात माणूस तरुण दिसतो ना, ते तरुणपण कुणाचं तरी असतं. समोर बसेल त्याचं. छोट्या आरशाला थोडं लागतं, चार दिवस, आठ दिवस. कळतसुद्धा नाही. मी नवी होते, मला बसायची हौस होती. नव्या लग्नाच्या मुलीला कोणी म्हटलं, आरशात बघत बस, तर ती नाही म्हणेल? कळलं तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. मी तुझ्या बाबांना म्हटलं, मी आता बसणार नाही."

"मग?"

"ते म्हणाले, काही हरकत नाही. घरात मुलगी आहेच की."

मी तेव्हा फार तर दहा वर्षांची असेन. हे तिने म्हटलं नाही. मीच मोजलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू मानलं असतंस?"

बाबांनी सूर्य पश्चिमेला उगवतो असं सांगितलं असतं तर मी पश्चिमेची खिडकी उघडली असती. आणि हिने सूर्य दाखवला असता तरी मी डोळे मिटले असते.

"तुम्ही पळून का गेला नाहीत?"

नव्या आईच्या आईने उत्तर दिलं, रडता रडता, माझ्यावर डाफरत. "गेली असती तर त्या खुर्चीत कोण बसलं असतं गं?"

मग मला एक भयंकर प्रश्न सुचला. तो विचारू नये असं आतून कुणीतरी ओरडत होतं, तरी मी विचारला. "माझी आजी... ती कोण होती?"

नव्या आईने माझा हात घट्ट धरला. "तुझ्या बाबांची आई कधीच गेली होती. आईच्या आईने या घरात कधी पाऊल ठेवलं नाही. तुला केसांत घेऊन झोपवायची ती तुझी आईच होती. तुझ्या तोंडून तिला आजी म्हणवून घ्यायला तुझ्या बाबांनी लावलं, लोकांनी विचारू नये म्हणून."

मी खाली बसले. मला रडू आलं नाही. रडण्यासाठी काहीतरी समजावं लागतं. मी आईला आजी म्हणत होते आणि ती ओ देत होती. एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं आणि त्याला कुठेही बसायला जागा नव्हती.

तेवढ्यात शीळ ऐकू आली. बाबा अंगणाच्या बाजूने आले, फडक्याला हात पुसत. चांदी ओतून झाली की ते आतल्या खोलीच्या मागच्या दारानेच बाहेर पडायचे. खोलीचं पुढचं दार खुर्चीच्या मागे उघडतं, तिथून आत पाऊल टाकलं की समोर थेट आरसा. त्या दाराने ते कधी येत-जात नसत. मला वाटायचं, काम करणाऱ्या माणसाला अंगणाचं दार सोयीचं पडतं.

त्यांनी आम्हा तिघींना बघितलं. सासूबाईंना ओळखलं. क्षणभर शीळ थांबली, आणि मग ते हसले, तेच गल्लीभर प्रसिद्ध असलेलं हसू.

"अरे वा, तुम्ही कधी आलात? बसा, चहा होईल. चिमणे, चांदी काय सुरेख बसलीय! चल, वेळ नाही. कोण येतंय?"

कोण येतंय! भाजी आणायला कोण येतंय, अशा आवाजात.

"बाबा," मी म्हटलं, "आई आजी होती?"

ते दचकले नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त धक्का बसला. त्यांनी फडकं नीट घडी करून खांद्यावर टाकलं आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"तुझी आई हौसेनं बसायची. कुणी जबरदस्ती केली नाही. हिच्यावरही नाही, विचार तिला. घर चालतं ते यावर. तुझं खाणं, तुझे कपडे, सगळं. प्रत्येक घरात कुणीतरी झिजतंच, चिमणे. दुसऱ्या घरांत ते वाया जातं. आपल्याकडे ते आरशात राहतं, लोक बघतात, खूश होतात. वाईट काय आहे त्यात?"

आणि खोटं कशाला सांगू, ते इतक्या गोड आवाजात बोलत होते की पळभर मला वाटलं, खरंच, काय वाईट आहे?

"मग तुम्ही बसा," मी म्हटलं.

"मी?" ते मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला. "मी बसलो तर आरसे कोण करणार?"

नवी आई उठली. "मी बसते," ती म्हणाली. "पोरीला सोडा. मी बसते, हा शेवटचा." तिच्या आईने तिला मागून मिठी मारून धरलं. ती सुटायला धडपडत होती, आणि सुटायला अंगात बळ नव्हतं. एवढा मोठा आरसा. ती खुर्चीतून उठली नसती, हे आम्हा चौघांनाही कळत होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. काय ठरलं?

"मी जाते," मी म्हटलं.

"शहाणी माझी," बाबा म्हणाले.

नवी आई किंचाळली. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबले असते. मी पुढच्या दाराने गेले नाही. बाबांच्या बाजूने, अंगणातून गेले, मागच्या दाराने आत शिरले आणि आतून कडी घातली.

पहिल्यांदाच मी ती खोली बघत होते. समोर लाकडी चौकटीत आरसा उभा, माझ्याकडे त्याची पाठ. ओली चांदी. तिच्यात मला काही दिसत नव्हतं, दुधासारखा मऊ उजेड फक्त. मी काचा धुणारी आहे. चांदी धरते कशी हे मला ठाऊक आहे, आणि धरत नाही कशी हेही. मी बाहीचं टोक तळहातात धरलं आणि पाठीवरून सरळ खाली ओढलं.

चांदी सायीसारखी निघून आली. तेवढ्या पट्ट्यातून काचेपलीकडची खुर्ची दिसली. तिच्या हातांवरचा रंग उडाला होता, दोन्ही बाजूंना, मूठ आवळून धरतात तिथे. माझ्या तोंडून कसलातरी आवाज निघाला आणि मग मी दोन्ही हातांनी पुसायला लागले.

बाबांना पुसण्याचा आवाज ओळखू आला असणार. त्यांनी आधी मागच्या दारावर धक्के मारले. "काय करतेस? चिमणे! काय करतेस तू?" मग पावलं धावत गेली, किल्ली फिरली, आणि पुढचं दार धाडकन उघडलं.

पुसलेल्या काचेतून मी त्यांना बघितलं. ते उंबऱ्यात उभे होते आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. वर दोन्ही तळहात दाबून धरले होते. लहान मुलं भीती वाटली की धरतात, तसे. म्हणजे त्यांना कायम माहीत होतं. आईच्या वेळीही आणि हिच्या वेळीही. ते जे हौस, झीज, घर म्हणत होते, त्याचा एक थेंबही त्यांना स्वतःच्या अंगावर नको होता. त्यांच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता.

"थांब," ते डोळे मिटूनच म्हणाले. आवाज चिरकला होता. "पुसू नकोस. मी पाया पडतो तुझ्या. ऐक बाबांचं."

"डोळे उघडा," मी म्हटलं.

त्यांनी उघडले नाहीत. मी पुसत राहिले. माझी बाही काळी झाली, कोपरापर्यंत हात काळे झाले. वरच्या कडेला हात पोहोचेना तेव्हा मी चौकटीवर चढले. ते तसेच उभे, चाचपडत एक पाऊल पुढे, मग घाबरून एक पाऊल मागे. शेवटचा कोपरा निघाला तेव्हा माझ्या आणि त्यांच्या मधे नुसती काच उरली होती. माझ्या हयातीत मी इतकी स्वच्छ काच धुतली नसेल.

मी कडी काढली, अंगणातून फिरून पुढे आले. नवी आई भिंतीला धरून उभी होती. मी धडधाकट समोर आले तशी तिने माझे गाल, कपाळ, केस सगळं चाचपून बघितलं, काही गेलं तर नाही ना म्हणून. मी तिच्या गळ्यात पडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ती इतकी हलकी होती की मला धरताना भीती वाटली. तिच्या आईने पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने लेकीला आधार दिला. कुठे जायचं हे कुणी विचारलं नाही.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. बाबांनी आमची पावलं ऐकली.

"कोण आहे? चिमणे? सगळी चांदी पुसलीस का गं?" ते आमच्याकडे पाठ करून, डोळे मिटून, त्या कोऱ्या काचेसमोर उभे होते. "मी उघडू का डोळे? कुणीतरी सांगा ना. अगं, तू तरी सांग. आहेस ना तू?"

ते नव्या आईला विचारत होते. इतकी वर्षं तिने त्यांच्या हाकेला ओ दिली होती, आणि आताही तिचे पाय थांबले. तिने काचेकडे बघितलं, आरपार, मागच्या भिंतीपर्यंत. मग अगदी शांतपणे, जसं रोज जेवायला बोलवायची तसं, ती म्हणाली,

"इतक्यात नको. अजून थोडी आहे."